सरासरीच्या छेदात कोण बसतं? निंबाळकरांच्या ४४३ धावा आणि बेसबॉलमधला एक रकाना



सातवीच्या गणितात सांख्यिकी येते आणि तिच्यात सरासरी येते. सूत्र सोपं आहे. सगळ्या संख्यांची बेरीज करायची, आणि संख्या किती आहेत त्याने भागायचं. मुलं दहा मिनिटांत शिकतात आणि पुस्तकातली उदाहरणं पटापट सोडवतात. पण एक प्रश्न बहुतेक वेळा वर्गात विचारलाच जात नाही: किती ने भागायचं हे कोण ठरवतं? पुस्तकातल्या उदाहरणात ते आधीच ठरलेलं असतं. खऱ्या आयुष्यात तिथेच सगळी मेख असते.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. मुलगी पाच चाचण्यांपैकी एका चाचणीला तापामुळे आली नाही. उरलेल्या चार चाचण्यांत तिला १८, १६, १७ आणि १७ गुण आहेत. बेरीज ६८. चारने भागलं तर १७, पाचने भागलं तर १३.६. मुलगी तीच, अभ्यास तोच. 'गैरहजर' आणि 'शून्य' यांत फरक आहे हे आपण हजेरीपटावर मानतो, पण सरासरी काढताना घाईत विसरतो. पालकांनी प्रगतिपुस्तक हातात आल्यावर हे एकदा तपासावं.

हा मुद्दा मुलांच्या डोक्यात पक्का बसवायला मला क्रिकेटइतकं चांगलं साधन सापडलेलं नाही. रोह्याकडच्या गावांत भातकापणी उरकली की मोकळ्या शेतात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्या थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. मुलांना षटकं, धावगती, नाबाद हे शब्द पाढ्यांच्या आधी पाठ होतात. तेव्हा आज दोन गोष्टी सांगते. पहिली आपल्या मातीतली, पुण्यात घडलेली. दुसरी अमेरिकेतली, बेसबॉलमधली. दोन्हींत एका चांगल्या खेळाडूला खेळू दिलं गेलं नाही. एका ठिकाणी त्याची नोंद ठेवायला रकानाच नव्हता, दुसऱ्या ठिकाणी आहे.

डिसेंबर १९४८. रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, पुणे क्लबचं मैदान. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली आणि थांबेचना. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर हे मूळचे कोल्हापूरचे. नुकतीच त्यांना २९ वर्षं पूर्ण झाली होती. के. व्ही. भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली तेव्हा फलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा होत्या, आणि त्यांत एकट्या निंबाळकरांच्या ४४३.

त्या वेळी प्रथम श्रेणी क्रिकेटमधला सर्वांत मोठा डाव डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता: नाबाद ४५२, सिडनीत, जानेवारी १९३० मध्ये. म्हणजे बरोबरीला ९ धावा कमी, विक्रमाला १०.

त्या दहा धावा झाल्याच नाहीत. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सांगितलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही परत जातो. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही. काठेवाडने सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. आपल्या संघाचं नाव अशा विक्रमाला कायमचं चिकटू नये म्हणून त्यांनी असं केलं, असं सांगितलं जातं. निंबाळकर नाबाद ४४३ वर राहिले. ब्रॅडमन यांचा विक्रम पुढे १९५९ मध्ये पाकिस्तानच्या हनीफ महंमद यांनी ४९९ धावा करून मोडला, आणि त्यांचा १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ करून. निंबाळकरांचा डाव आजही जगात चौथा आहे आणि भारतीयांत पहिला.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं चिडतात. "असं कसं बाई, चीटिंग आहे ही!" चिडू द्या. मग पाटी-पेन्सिल काढायला सांगा, कारण या डावाचे बाकीचे आकडेही उपलब्ध आहेत. निंबाळकरांनी ४९४ मिनिटं फलंदाजी केली, ४९ चौकार आणि १ षटकार मारला. चौकारांचे १९६, षटकाराचे ६, एकूण २०२. म्हणजे ४४३ पैकी २४१ धावा त्यांनी पळून काढल्या! आजच्या मुलांना हा आकडा सगळ्यांत जास्त धक्का देतो. ४९४ मिनिटं म्हणजे ८ तास १४ मिनिटं, आपल्या शाळेच्या दिवसापेक्षा जास्त. आता त्रैराशिक मांडा: ४४३ धावांना ४९४ मिनिटं, तर १० धावांना किती? उत्तर ११ मिनिटांच्या थोडं वर येतं. विक्रम तेवढाच लांब होता. एक पुस्तकी त्रैराशिक सोडवताना वर्ग कधी इतका शांत होत नाही.

पण आपला विषय सरासरी आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये निंबाळकरांच्या एकूण धावा ४८४१ आणि सरासरी ४७.९३. इथे मुलांना उलटं गणित द्या: भाज्य माहीत आहे, भागाकार माहीत आहे, भाजक शोधा. ४८४१ भागिले ४७.९३ म्हणजे १०१. हे १०१ काय? मुलं आधी म्हणतील 'डाव'. नाही. हे १०१ म्हणजे ते जितक्या वेळा बाद झाले तो आकडा. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी धावा भागिले डाव अशी नसते, धावा भागिले बाद होण्याची संख्या अशी असते. नाबाद राहिलेल्या डावाच्या धावा वर अंशात जातात, पण खाली छेदात तो डाव मोजलाच जात नाही. का? कारण तो डाव पुरा झालेला नाही. फलंदाज अजून खेळू शकला असता. गैरहजर आणि शून्य यांच्यातल्या फरकाचाच हा भाऊ.

म्हणजे ४४३ धावा अंशात आहेत, आणि तो पुण्याचा डाव छेदात नाही. समजा ते त्याच ४४३ वर बाद झाले असते, तर? ४८४१ भागिले १०२, म्हणजे ४७.४६. फरक अर्ध्या धावेहूनही कमी. मुलं म्हणतात, "एवढ्या मोठ्या डावाने एवढाच फरक?" हो, एवढाच, कारण छेद मोठा आहे. छेद मोठा झाला की एक घटना सरासरीला फारशी हलवत नाही, ही गोष्ट नियम म्हणून फळ्यावर लिहिण्यापेक्षा अशी हाताने भागाकार करून कळलेली बरी.

आता बारकाईने पाहा. निंबाळकरांच्या नोंदीत ४४३ पुढे फक्त नाबादचं एक चिन्ह आहे. एखादा फलंदाज संघाचा डाव संपल्यामुळे नाबाद राहतो, एखादा कर्णधाराने डाव घोषित केल्यामुळे, एखादा पाऊस आल्यामुळे. आणि एक, समोरचा संघ निघून गेल्यामुळे. धावफलकात सगळ्यांना एकच खूण. सामन्याच्या निकालात 'काठेवाडने सामना सोडला' असं लिहिलेलं सापडतं, पण खेळाडूच्या आकड्यांच्या ओळीत त्याला 'खेळू दिलं नाही' असं सांगणारी जागा नाही.

बेसबॉलमध्ये ती जागा आहे, म्हणून आता थोडं तिकडे जाऊ. आपल्या मुलांना बेसबॉल माहीत नसतो, पण समजवायला वर्गाचे चार कोपरे पुरतात. एका कोपऱ्यात बॅटर उभा राहतो, तो घरचा कोपरा. उरलेले तीन कोपरे म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. चेंडू मारायचा, पळायचं, तिन्ही बेस करून घरी परत आलं की एक धाव. चेंडू टाकणारा तो पिचर. त्याने चेंडू ठरलेल्या चौकटीत टाकला आणि बॅटरने सोडला, किंवा बॅट फिरवून चुकवला, तर 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक झाले की बाद. चौकटीबाहेरचा चेंडू बॅटरने सोडला तर 'बॉल'. असे चार बॉल झाले की बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो, तो आरामात चालत जातो. म्हणून त्याला 'वॉक' म्हणतात.

आता डोकं चालवा. समोर भयंकर फटकेबाज उभा आहे, त्याच्या मागचा खेळाडू साधारण आहे. पिचरने मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकले तर? फटकेबाज एका बेसवर जाऊन बसेल, पण मैदानाबाहेर चेंडू मारून सगळ्यांना घरी आणणार नाही. मग गाठ साधारण खेळाडूशी. ही युक्ती नियमात बसते आणि तिचं नाव 'इंटेन्शनल वॉक', म्हणजे मुद्दाम दिलेला वॉक. पूर्वी कॅचर बाजूला उभा राहायचा आणि चार चेंडू खरोखर लांब टाकले जायचे. २०१७ पासून अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये नुसता इशारा केला तरी चालतो, चेंडू टाकावाच लागत नाही.

क्रिकेटमध्ये हे का होत नाही, हा प्रश्न एखादं हुशार मूल विचारेलच. कारण आपल्याकडे मुद्दाम वाइड टाकला तर एक धाव जाते, तो चेंडू पुन्हा टाकावा लागतो, आणि फलंदाज तिथेच उभा असतो! त्याची पाळी टळत नाही. आपल्याकडे त्याला टाळायची रीत वेगळी. क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पांगवायचे, त्याला एक धाव आंदण द्यायची आणि समोरच्या कच्च्या फलंदाजाला स्ट्राइकवर आणायचं. गावच्या स्पर्धेत शेवटच्या षटकात हे सर्रास चालतं, माइकवरचा समालोचकही ओरडून सांगतो. पण गुणलेखकाच्या वहीत काय पडतं? '१'. ती धाव मिळवलेली की दिलेली, वही सांगत नाही.

अमेरिकेत १९५५ पासून इंटेन्शनल वॉकची अधिकृत वेगळी नोंद ठेवतात. त्याआधीचे वॉक सगळे एकाच रकान्यात. त्यामुळे बेब रूथ या त्यांच्या दंतकथा झालेल्या खेळाडूला १९२३ मध्ये १७० वॉक मिळाले एवढं अधिकृत आकड्यांत दिसतं, पण त्यांतले मुद्दाम किती हे दिसत नाही. रकाना नसेल तर माहितीही नसते, मागाहून ती तयार करता येत नाही.

रकाना असल्यावर काय दिसतं ते सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या जुन्या संघाच्या आकड्यांत पाहा. १९६९ मध्ये या संघाच्या विली मॅककोव्ही यांना ४५ वेळा मुद्दाम वॉक दिला गेला. एका हंगामातला तो विक्रम होता आणि तीस वर्षांहून जास्त टिकला. मग त्याच संघाचे बॅरी बॉन्ड्स आले. २००२ मध्ये ६८ वेळा, २००३ मध्ये ६१ वेळा, आणि २००४ मध्ये १२० वेळा. हा आकडा छपाईची चूक वाटावी असा आहे. (बॉन्ड्स यांच्यावर बंदी असलेली औषधं घेतल्याचे आरोप झाले आणि त्यांच्या विक्रमांवर तो डाग राहिला. मुलांना आदर्श म्हणून नाही, गणित म्हणून सांगावं.)

२००४ ची त्यांची ओळ वर्गासाठी सोन्यासारखी आहे. ते ६१७ वेळा बॅट घेऊन उभे राहिले. त्यांतले २३२ वॉक, आणि त्या २३२ मधले १२० मुद्दाम दिलेले. ९ वेळा चेंडू अंगावर लागला, त्यानेही पहिला बेस मिळतो. ३ वेळा त्यांनी उंच झेल देऊन सहकाऱ्याला घरी आणलं. ते सगळं वजा केलं की ३७३ उरतात. या ३७३ ला 'ॲट-बॅट' म्हणतात, म्हणजे खऱ्या अर्थाने मिळालेल्या पाळ्या. त्यांत त्यांचे यशस्वी फटके १३५.

आता भागाकार करा. १३५ भागिले ३७३ म्हणजे ०.३६२. ही बॅटिंगची सरासरी. दुसरा भागाकार: फटके १३५, वॉक २३२, अंगावर लागलेले ९, मिळून ३७६, भागिले ६१७. उत्तर ०.६०९. हे 'बेसवर पोहोचण्याचं प्रमाण'. आणि कोणी अडाण्याने १३५ ला ६१७ ने भागलं तर ०.२१९ येईल, म्हणजे अगदी सुमार खेळाडू! एकच माणूस, एकच हंगाम, तीन उत्तरं. अंशात कोण आणि छेदात कोण, हे ठरवल्याशिवाय सरासरी हा शब्दच अर्धवट आहे.

मोठ्या मुलांना अजून एक पायरी चढवता येते. ही मुद्दाम वॉकची युक्ती खरंच फायद्याची होती का? १२० मुद्दाम वॉक बाजूला काढा. उरल्या ४९७ पाळ्या, त्यांत ते २५६ वेळा बेसवर पोहोचले. म्हणजे शंभरात साधारण ५२ वेळा. समोरचा संघ मुद्दाम वॉक देतो तेव्हा या ५२ चे १०० करून देतो. बदल्यात टाळतो काय? त्या ४९७ पाळ्यांत त्यांनी ४५ होमरन मारले, म्हणजे शंभरात ९. नऊ वेळांच्या भीतीने शंभर टक्के बेस द्यायचा का? उत्तर परिस्थितीवर आहे: कोणते बेस भरलेत, किती बाद झालेत, मागे कोण येणार. २८ मे १९९८ ला ॲरिझोना डायमंडबॅक्स संघ शेवटच्या डावात ८-६ ने पुढे होता, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, समोर बॉन्ड्स. वॉक दिला तर एक धाव नक्की जाणार. तरी त्यांनी दिला! ८-७ झालं, पुढचा बॅटर झेल देऊन बाद झाला, सामना जिंकला.

आणि याच्या नेमकं उलटं टोक म्हणजे २०१९ चा ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघ. अख्ख्या नियमित हंगामात त्यांनी एकही मुद्दाम वॉक दिला नाही. रकान्यात शून्य. नोंद सुरू झाल्यापासून असं कुठल्याच संघाने केलं नव्हतं. फुकट बेस देणं तोट्याचं, हा त्यांचा हिशेब. मग वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात, २३ ऑक्टोबर २०१९ ला, सातव्या डावात त्यांनी वॉशिंग्टनच्या हुआन सोटो याला मुद्दाम वॉक दिला. तो तेव्हा २० वर्षांचा. मागचा बॅटर बाद होईल ही अपेक्षा होती, तो बेसवर पोहोचला, आणि त्या एका डावात वॉशिंग्टनने ६ धावा केल्या. सामना १२-३ असा गेला. एका प्रसंगावरून युक्ती चूक ठरत नाही हेही मुलांना सांगाच, ॲरिझोनाचं उदाहरण शेजारीच आहे.

आता शाळेत करून पाहण्यासारखं. खेळाच्या तासाला गुणलेखन मुलांकडे द्या. वहीत चार रकाने: नाव, पाळी मिळाली का, धावा, बाद की नाबाद. दुसरा रकाना आठवडाभर प्रामाणिकपणे भरायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गंमत दिसायला लागते. काही मुलींची नावं संघात असतात, क्षेत्ररक्षण त्या पूर्ण करतात, आणि पाळीच्या रकान्यात सलग 'नाही, नाही, नाही'. धावांच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे नुसता शून्य पडला असता तर 'हिला खेळता येत नाही' असंच वाचलं गेलं असतं. 'दमलीस का, राहू दे तू' असं गोड बोलून पाळी काढून घेतलेली मुलंही याच रकान्यात सापडतात. मग वर्गच ठरवतो काय करायचं ते, आपण फार बोलावं लागत नाही.

हाच रकाना आपल्या टाचणवहीतही आखून बघा. प्रश्न विचारला की हात वर करणाऱ्या हुशार मुलाला आपण "तू थांब रे, तुला येतं, दुसऱ्याला सांगू दे" म्हणतो. हा मुद्दाम दिलेला वॉकच आहे. हेतू चांगला असतो आणि पुष्कळदा तसं करणं बरोबरही असतं. पण आठवड्यात त्याला किती वेळा थांबवलं आणि ज्याच्यासाठी थांबवलं त्याला खरंच किती वेळा बोलू दिलं, दोन्ही आकडे लिहून ठेवले की चित्र वेगळं दिसू शकतं.

शेवटी निंबाळकरांबद्दल थोडं, कारण मुलं हमखास विचारतात. त्यांना भारताकडून अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. कधीही कसोटी न खेळलेल्या खेळाडूने प्रथम श्रेणीत केलेल्या सर्वाधिक धावा म्हणूनही तोच ४४३ चा आकडा लावला जातो. २००२ मध्ये त्यांना भारतीय क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू पुरस्कार मिळाला. ११ डिसेंबर २०१२ ला ते गेले, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

मुलांना गृहपाठ म्हणून हे तीन देता येतील: महाराष्ट्राच्या ८२६ पैकी निंबाळकरांचा वाटा शेकडा किती? निंबाळकर आणि भांडारकर सोडून बाकी सगळ्यांच्या, अवांतर धरून, धावा किती? आणि बॉन्ड्स यांच्या ६१७ पाळ्यांपैकी मुद्दाम वॉक शेकडा किती? उत्तरं अनुक्रमे ५३.६, १७८ आणि १९.४. तिसऱ्यात काही मुलं १२० ला ३७३ ने भागून ३२ आणतील. त्यांना चूक म्हणण्याआधी छेदात ३७३ का घेतला, एवढं विचारा.